नासक्या रक्ताचा इतिहास

बेटेगावात आणि आसपासच्या पाड्यांवर पायाच्या दुखण्याला एके काळी एकच निदान होतं: रक्त नासलंय. पोटरीत गोळे येवोत, घोट्यावरची कातडी खाजून काळवंडो, अंगठ्याचं नख निळं पडो, नाहीतर लावणीच्या चिखलात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन पाय पिको. निदान बदलत नसे. उपायही ठरलेला, नासलेलं रक्त बाहेर काढायचं. काढणारे ठरलेले, त्यांची हत्यारं ठरलेली आणि हंगामही ठरलेला. भात झोडून झालं, गवत कापून गंजी रचल्या, मुंबईच्या तबेल्यांना गवत विकून हातात चार पैसे खुळखुळायला लागले की वैदू यायचे.

मी या गावचा. तारापूर एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात नोकरी केली, त्यातला बराच काळ फिल्टर प्रेस आणि कॉलमवर. गाळणं हा माझा पोटापाण्याचा विषय. त्यामुळे जपानमध्ये पायाच्या रक्तवाहिन्या कोंदलेल्या रोग्याचं रक्त कॉलममधून गाळून परत त्याच्याच अंगात सोडतात, हे एका डॉक्टरांच्या बोलण्यात आलं तेव्हा माझे कान टवकारले. आणि पहिल्यांदा आठवला तो वैदू. त्या यंत्राचं कूळ शोधत मागे गेलं की वाटेत जळूच भेटते, हे मला पुढे वाचताना कळलं.

आधी वैदूचं सांगतो. हे लोक मूळचे तेलुगू बोलणारे, भटके. आमच्याशी बोलत ते मराठी, पण आपसात काय बोलतात ते कोणाला कळत नसे आणि त्यामुळे त्यांचा दरारा वाढे. झोळीत मुळ्या, पाले, भस्मांच्या पुड्या आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली तुंबडी. तुंबडी म्हणजे जनावराचं पोकळ शिंग. रुंद तोंड कातडीवर टेकवायचं, अरुंद टोकाला भोक असतं, तिथे तोंड लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि भोक मेणानं बुजवायचं. माझ्या थोरल्या चुलत्याच्या पोटरीवर तुंबडी लावताना मी ओट्याच्या कडेला उभा होतो. वैदूनं आधी पोटरी तळव्यानं थापटून लाल केली. वस्तऱ्यानं पाच-सहा फासण्या टाकल्या, उभ्या, जवळजवळ, नखभर लांबीच्या. त्यावर शिंग बसवलं. गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या, मेण लागलं. मग तो विडी ओढत बसला आणि चुलताही त्याच्याकडूनच पेटवून घेऊन ओढत बसला. थोड्या वेळानं शिंग उपटलं तर राखेच्या थाळ्यात काळपट लिबलिबीत गोळे पडले. "बघा मालक, हे असलं रगत अंगात हुतं. काढल्याबिगर उतार पडतोय व्हय?" भोवती जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. फी म्हणून तांदूळ आणि एक कोंबडी गेली.

तुंबडीत थांबलेलं कोणाचंही रक्त गोठतं आणि काळपट दिसतं, अगदी ठणठणीत माणसाचंही. हे तेव्हा कोणाला ठाऊक? थाळ्यातला पुरावा डोळ्यांसमोर असताना अविश्वास दाखवायची कोणाची छाती नव्हती.

वैदूची ही विद्या काही रानातून उगवलेली नव्हती. सुश्रुतसंहितेत रक्त काढायची तीन साधनं शेजारी शेजारी सांगितली आहेत: वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळ्याची तुंबडी. सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय तर नुसता जळवांवर आहे. बारा जाती, त्यातल्या सहा विषारी आणि सहा बिनविषारी. ओल्या कातड्यानं पकडायच्या, नव्या मडक्यात तळ्याचा चिखल-पाणी घालून ठेवायच्या, पाणी आणि मडकं ठराविक दिवसांनी बदलायचं. लावण्याआधी मोहरी आणि हळदीच्या पाण्यात सोडायच्या म्हणजे त्यांची मरगळ जाते. चावत नसेल तर त्या जागी दुधाचा नाहीतर रक्ताचा थेंब टाकायचा. तोंड घोड्याच्या खुरासारखं पसरलं आणि मान उंचावली की समजायचं, पिते आहे. पोट भरून गळून पडली की अंगाला तांदळाचा कोंडा आणि तोंडाला तेल-मीठ चोळून, शेपटीकडून तोंडाकडे हलक्या हातानं पिळून तिला ओकायला लावायचं. मी कारखान्यात खूप एसओपी वाचल्या, काही लिहिल्याही. इतकी नेटकी क्वचितच पाहिली.

जळू कोणाला लावावी हेही तिथे आहे: राजे, श्रीमंत, बालकं, म्हातारे, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि नाजूक प्रकृतीची माणसं. म्हणजे वस्तरा ज्यांना सोसत नाही त्यांना जळू. आमच्या घरीही हाच नियम होता, ग्रंथ न वाचता. पुरुषांना तुंबडी, बायकांना जळू. माझ्या आजीच्या घोट्यावर दर पावसाळ्यात जळवा लागत. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, घोटा काळा-तपकिरी झालेला आणि तिथे सतत ओलसर जखम. गुरं डुंबायची त्या तळ्यातून जळवा आणायच्या. जळू सुटल्यावरही तासन्‌तास रक्त झिरपत राही. आजी हळद दाबून धरी आणि म्हणे, "पाय हलका झाला रे." ती खोटं बोलत नव्हती.

ही गोष्ट समजायला मला कारखान्याचीच मदत झाली. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटमध्ये थंड पाणी फिरतं. आत येणारी लाइन चोक झाली तरी काम थांबतं आणि बाहेर जाणारी चोक झाली तरी थांबतं, पण दोन्हींचा इलाज एक नाही. बाहेरची तुंबली असेल तर ड्रेन उघडून थोडं पाणी सोडलं की दाब उतरतो. आतली तुंबली असताना ड्रेन उघडणाऱ्या ऑपरेटरला फोरमन घरी पाठवील. आजीची बाहेरची लाइन तुंबलेली होती. शिरांच्या झडपा निकामी, रक्त हृदयाकडे परत चढत नव्हतं, पायात साचत होतं. जळूनं त्यातलं थोडं काढलं की तिला बरं वाटे. चुलत्याची आतली लाइन बंद होत चालली होती. धमनीतून पावलापर्यंत रक्त पोचतच नव्हतं. पाऊल गार पडायचं, रात्री अंगठा ठणकायचा, मग तो पाय खाटेखाली लोंबता सोडून बसून राहायचा, कारण लोंबता ठेवला की थोडं रक्त खाली उतरतं. अशा उपाशी पायावर फासण्या टाकल्या तर काय होणार? जखम भरून यायला रक्त लागतं आणि तेच नव्हतं. फासण्या चिघळल्या, अंगठा काळा पडला, शेवटी मुंबईत नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागला. तेव्हा त्याचं वय चाळीसच्या आतबाहेर होतं.

गावानं लक्षात ठेवलं ते आजीचं बरं होणं. चुलत्याच्या बाबतीत "उशीर झाला, रक्त फार नासलं होतं" असं म्हणून विषय संपला. वैदूला कोणी दोष दिला नाही. त्याला द्यावा असं मलाही वाटत नाही. आत येणारी आणि बाहेर जाणारी लाइन वेगळी आहे हेच आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं, तर तो तरी काय करणार?

चुलत्याच्या दुखण्याला नाव होतं. १८७९ साली ऑस्ट्रियाच्या फेलिक्स फॉन विनिवार्टरनं कापलेल्या एका पायाच्या रक्तवाहिन्या तपासून त्याचं वर्णन केलं. १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलात लिओ बर्गरनं असे अनेक पाय तपासले आणि रोगाला त्याचं नाव चिकटलं. बर्गरचा रोग पन्नाशीच्या आतल्या तंबाखू ओढणाऱ्यांना होतो आणि आपल्याकडे तो मुख्यतः विडीवाल्यांचा. आमच्या भागात आपट्याच्या पानांत वळलेली विडी चालायची. शेतातून येताना, गाडी जुंपताना, ताडी पिताना, मयताला, बारशाला, सगळीकडे विडी. या रोगाला आजही खात्रीचा उपाय एकच आहे, तंबाखू पूर्ण बंद. चुलत्याची विडी एक पाय गेल्यावरही सुटली नाही.

गावाचा जुना काळ इथेच संपत आला होता. इंग्रजांच्या दप्तरात आमचा तालुका माहीम म्हणून होता. १८६४ साली गुजरातकडून मुंबईपर्यंत रेल्वे आली तरी रुळापासून आत शिरलं की शतकभर फारसं काही हललं नाही. मग १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पाठोपाठ एमआयडीसीचे प्लॉट पडले आणि बोईसरच्या आसपासच्या गावांतली पोरं शिफ्टला जाऊ लागली. वैदूचं येणं हळूहळू थांबलं. चिखलातले अनवाणी पाय सेफ्टी शूजमध्ये गेले, पण आठ-आठ, बारा-बारा तास उभे राहू लागले. विडीच्या जोडीला गुटखा आणि सिगारेट आली. कँटीनचा गोड चहा आला. आणि कोणाच्या फारसं लक्षात येण्याआधीच शुगर आली. शुगरचा पाय बर्गरपेक्षाही लबाड. नसा बधिर होतात, त्यामुळे बुटात खडा रुतला तरी कळत नाही, आणि गुडघ्याखालच्या बारीक धमन्या कोंदतात, तिथे चुना साचतो. मांडीतली मोठी धमनी फुगा घालून उघडता येते, बायपासनं वळसा घालता येतो. पावलाजवळची सुतळीएवढी नळी चुन्यानं भरली असेल तर सर्जन कित्येकदा हात टेकतो. रक्त गाळायची कल्पना पायापर्यंत आली ती अशाच लोकांसाठी.

तिची सुरुवात मात्र खरोखरच जळूच्या तोंडात आहे.

जळू सुटल्यावर रक्त का थांबत नाही, हा प्रश्न जॉन हेक्राफ्ट नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८४ साली घेतला. त्याला जळूच्या तोंडाकडच्या भागात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. पुढे त्याला हिरुडिन हे नाव पडलं. त्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात जळवांचं असं खूळ होतं की एकट्या फ्रान्सनं १८३३ साली चार कोटींच्या वर जळवा आयात केल्या. ते खूळ ओसरल्यावर जळूतली खरी कामाची वस्तू हाती लागली, हा इतिहासाचा तिरकसपणा.

१९१३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल आणि त्याचे दोन सहकारी कुत्र्याचं रक्त कोलोडियनच्या बारीक नळ्यांतून फिरवून परत अंगात सोडत होते. रक्तातली नको ती द्रव्यं नळीच्या भिंतीतून बाहेर पडावीत, रक्त मात्र आत राहावं, हा डाव. अडचण एकच, नळीत शिरलं की रक्त गोठतं. कॉलम चोक होणं म्हणजे काय हे मला विचारा. एबलनं जळवा मागवल्या, त्यांची डोकी कापून वाटली, हिरुडिन काढलं आणि ते रक्तात मिसळलं. १९१४ साली याच मंडळींनी दुसरा प्रयोग केला: रक्त काढायचं, त्यातला द्रव भाग वेगळा करायचा आणि पेशी परत द्यायच्या. आज ज्याला प्लाझ्माफेरेसिस म्हणतात ते हेच. मग पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपातून येणाऱ्या जळवा बंद झाल्या आणि काम अडलं. जळवा मिळाल्या नाहीत म्हणून कृत्रिम मूत्रपिंड रखडलं, हे आमच्या वैदूला सांगितलं असतं तर त्यानं मिशीवर ताव दिला असता.

१९२४ साली जर्मनीत गीसेनला जॉर्ज हासनं माणसावर पहिलं डायलिसिस केलं, फक्त १५ मिनिटं, आणि तेही जळूच्या हिरुडिनवर. ते शुद्ध मिळत नसे, रोग्याला बाधे. सुटका झाली हेपरिननं. जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला ते १९१६ साली जॉन्स हॉपकिन्सलाच कुत्र्याच्या यकृतात सापडलं होतं, पण माणसाला टोचण्याइतकं शुद्ध व्हायला १९३५ उजाडलं. आज ते डुकराच्या आतड्यापासून काढतात. नेदरलँड्समध्ये काम्पेन गावी, जर्मनांचा ताबा असताना, विलेम कोल्फनं १९४३ साली लाकडी पिंपावर सॉसेजच्या सेलोफेनची नळी गुंडाळून डायलिसिसचं यंत्र बनवलं. पहिले रोगी जवळजवळ सगळे दगावले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. ती नाझींच्या बाजूची म्हणून कैदेत होती. कोल्फनं तिला तरीही यंत्रावर घेतलं.

पेशी आणि द्रव वेगळे करणाऱ्या यंत्राची कथा आणखी वेगळी. जॉर्ज जडसन हा आयबीएमचा इंजिनिअर. १९६० च्या दशकात त्याच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळजीतून त्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर चालत्या रक्तातून पेशी निवडणारं यंत्र उभं केलं. १९७५ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात गिल्बर्ट थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी अशाच यंत्रावर, जन्मतःच कोलेस्टेरॉल भयंकर असलेल्या रोग्यांचा प्लाझ्मा बदलून ते खाली आणलं. पण सगळा प्लाझ्मा फेकून देणं म्हणजे एका अशुद्धीसाठी अख्खी बॅच ओतून देणं. १९८१ साली जर्मनीत कोलोनला स्टॉफेल आणि बोरबर्ग यांनी फक्त वाईट कोलेस्टेरॉल पकडणारा कॉलम लावला. आणि मग या धंद्यात उतरली जपानची कानेका कंपनी. ही १९४९ साली स्थापन झालेली केमिकल कंपनी. कॉस्टिक सोडा आणि पीव्हीसी बनवणारी. तिनं सेल्युलोजच्या सच्छिद्र मण्यांवर डेक्स्ट्रान सल्फेट चढवलं. त्यावर ऋण भार असतो, वाईट कोलेस्टेरॉलच्या प्रथिनावर धन भाराची ठिकाणं असतात, ती मण्यांना चिकटतात आणि बाकीचं पुढे जातं. माझ्या शेडमध्ये रेझिनचा कॉलम हेच करत होता, फक्त आत रक्त नव्हतं. अमेरिकेनं या कॉलमला १९९६ साली परवानगी दिली.

जपानमध्ये डायलिसिसवर तीन लाखांहून जास्त माणसं आहेत आणि त्यांच्या पायांचे हाल मोठे. तिथल्या डॉक्टरांनी हाच उपाय पायांकडे वळवला. २०२१ साली कानेकाचा नवा कॉलम आला, रिओकार्ना. यात प्लाझ्मा वेगळा करायचीही गरज नाही, रक्त थेट मण्यांवरून जातं. मण्यांवर डेक्स्ट्रान सल्फेटबरोबर ट्रिप्टोफॅन आहे, त्यामुळे कोलेस्टेरॉलबरोबर फायब्रिनोजेनही अडकतं, जे रक्ताला दाट करतं. रक्त पातळ झालं की मोठ्या नळ्या बंद असल्या तरी आजूबाजूच्या केसासारख्या वाहिन्यांतून थोडं जास्त सरकतं आणि जखमेला भरून यायची संधी मिळते. फुगा किंवा बायपास ज्यांना शक्य नाही किंवा लागू पडला नाही त्यांच्यासाठी हे आहे, तीन महिन्यांत जास्तीत जास्त २४ वेळा. आणि एक पथ्य: रामिप्रिल, एनालाप्रिल अशा "प्रिल" वाल्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना अशा कॉलमवर रक्त चढवलं तर दाब धाडकन कोसळू शकतो.

म्हणजे वैदूचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही. रक्तात नको तेवढं काही साठतं आणि पायाला नडतं, हे खरं निघालं. पण त्यानं रक्त टाकून दिलं आणि इथे ते गाळून परत देतात. फरक तेवढाच असता तर मी त्याला अर्धे गुण दिले असते. खरा फरक असा की कोणत्या पायाला काय हवं हे आता आधी तपासतात. आजीसारख्या पायाला आजही जळू लावणारी आयुर्वेद रुग्णालयं आहेत. तुटलेलं बोट जोडल्यावर त्यात साचलेलं रक्त उतरवायला प्लास्टिक सर्जनही जळू वापरतात, अमेरिकेनं २००४ साली तिला रीतसर वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. ही सगळी बाहेरची लाइन तुंबल्याची उदाहरणं. चुलत्यासारख्या पायाला कोणी जळू लावू म्हणालं तर त्याला वाटेला लावावं.

माझं मत विचाराल तर, या कॉलमची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्याच्यापाशी पोचणारा पाय आधीच खूप पुढे गेलेला असतो. बेटेगावच्या माणसाला गरज आहे ती दोन मिनिटांच्या तपासणीची. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आणि आतल्या घोट्याच्या मागे, अशा दोन जागी नाडी लागते. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं, उत्तर ०.९ च्या खाली आलं तर आतली लाइन अरुंद झाली समजा. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर ते वय नव्हे, वात नव्हे, नासकं रक्तही नव्हे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, बोईसरला चढलं की मुंबईची मोठी रुग्णालयं एका दिवसात करून येता येतात. शुगर असेल, विडी-सिगारेट असेल, वय पन्नाशीपुढे असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेल्यावर चप्पल काढा आणि म्हणा, "डॉक्टर, पायाची नाडी बघा."